सतरा पॉइंट

वडगाव रासाईच्या ज्योतिबा कोळप्याला कुणी अंग कोमट लागतंय म्हणून सांगितलं, तर तो कपाळावर तळहात ठेवायचा नाही. बोटं उपडी करून पाठीकडून नुसती टेकवायचा आणि आकडा सांगायचा. बायकोचा ताप सांगायचा, पोराचा सांगायचा, एकदा पाहुण्याच्या म्हशीचाही सांगितला. सवय कंपनीतली. रांजणगावच्या एका कारखान्यात तो चौदा वर्षं मेंटेनन्सला आहे, आणि विजेच्या पॅनेलला हात लावायची तिथली रीतच अशी: उपडा हात लावावा, म्हणजे चुकून करंट असलाच तर बोटं मिटतात ती आतल्या बाजूला, वस्तूला धरून बसत नाहीत.

माणूस कामाचा. पहाटेच्या बसनं जायचा, दुपारी चारला परत यायचा. व्यसन नाही, कुणाच्या अध्यात ना मध्यात. चिडला तरी शिवी देत नसे, फक्त गप्प बसत असे. आपल्याकडं गप्प बसणाऱ्या माणसाला सज्जन म्हणायची रीत आहे. ज्योतिबालाही सगळे सज्जन म्हणायचे. त्याला खोटं बोलायची सवय नव्हती हे खरं. पण खरं पोटात ठेवायची सवय चांगलीच होती, आणि ती कुणाच्या लक्षात आली नव्हती.

कोळप्यांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. ज्योतिबाचा बाप भिमाजी तरुणपणी पावसाळा सोडला तर घरात झोपलाच नाही. कळप घेऊन भीमेच्या दोन्ही काठांनी हिंडायचा आणि शेतकऱ्यांच्या रानात रात्रीची मेंढरं बसवायचा. रानाला खत मिळायचं, याला धान्य मिळायचं. नदीपलीकडं दौंड तालुक्यात राहूला तात्याबाच्या बापाचं रान होतं, तिथं तर दरवर्षीचा मुक्काम ठरलेला. त्या ओळखीतून तात्याबा ज्योतिबाचा मामा झाला. रक्ताचं काही नाही, पण ज्योतिबाच्या लग्नात मामा म्हणून अंतरपाटामागं तोच उभा होता.

पुढं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. भिमाजीपाशी उरली एक काठी आणि एक काळं घोंगडं. घोंगड्यावर त्याचा फार भरवसा. थंडीत ऊब देतं, पावसात अंग कोरडं ठेवतं, हे कुणीही मान्य करील. पण भर चैत्रात डोक्यावरनं घोंगडं घेतलं की आत गार लागतं, असं तो शपथेवर सांगायचा. नातवंडं हसायची. खरं तर म्हातारा बरोबर होता. जाड लोकर बाहेरची झळ आत येऊ देत नाही.

ज्योतिबा बैलगाड्यांच्या नादाला लागला तो एका भांडणातून. शर्यती परत सुरू झाल्या त्या वर्षी शिरूरच्या वरच्या अंगाला एका घाटात तो बघायला गेला होता. घाट म्हणजे चढावर आखलेली सरळ धाव. एका गाड्याला चार बैल, एका वेळी एकच गाडा पळणार, आणि ज्याची वेळ सगळ्यांत कमी तो त्या दिवसाचा घाटाचा राजा. वेळ घ्यायला दोन माणसं हातात घड्याळं घेऊन उभी. एकाचं घड्याळ एक बोललं, दुसऱ्याचं दुसरं. अर्ध्या तासात दगड उडाले आणि ज्योतिबाच्या पुढ्यात एका माणसाचं डोकं फुटलं. ज्योतिबा घरी आला आणि पत्र्याच्या खोलीत कॉम्प्युटर उघडून बसला.

त्यानं जे उभं केलं त्याची रीत सोपी होती. खालच्या रेघेवर एक कॅमेरा, वरच्या रेघेवर दुसरा. कॅमेरे सेकंदाला शंभर चित्रं काढायचे आणि कॉम्प्युटर ती मोजायचा. बैलांनी खालची रेघ ओलांडली की मोजणी सुरू, वरची ओलांडली की बंद. एक चित्र म्हणजे सेकंदाचा शंभरावा भाग. घाटावर त्याला पॉइंट म्हणतात. अकराशे चित्रं मोजली तर अकरा सेकंद. यात एकच गोम होती आणि ती ज्योतिबाला पुरती माहीत होती. मशीन मध्येच दमलं, मागं पडलं, तर काही चित्रं मोजायची राहून जाणार. चित्रं कमी म्हणजे वेळ कमी, आणि गाडा पळाला त्यापेक्षा जोरात पळाल्याचं दिसणार. म्हणून मशीन दमता कामा नये, बाकी काहीही होवो.

तीन हंगाम ते दमलं नाही. तीन हंगाम घाटात एकदाही काठी उचलली गेली नाही. लोक ज्योतिबाला सेकंदवाला म्हणायला लागले. पडद्यावर आकडा आला की हरलेला गाडामालकसुद्धा मान डोलवून बैल सोडायला जायचा. असा विश्वास माणसाला मिळतो तेव्हा सुखाचा वाटतो, आणि तो किती जड आहे हे तेव्हा कळत नाही.

यंदा कमिट्यांची हौस वाढली. मोठा पडदा पाहिजे, मोबाइलवर लाइव्ह पाहिजे, प्रत्येक धाव लगेच संथ करून पुन्हा दाखवली पाहिजे. एवढं सगळं एकदम करायला लावलं तेव्हा जुनं मशीन घरच्या चाचणीतच धापा टाकायला लागलं. मग ज्योतिबानं प्रोसेसरचा वेग चढवला. बनवणाऱ्यानं ठरवून दिलेल्या वेगाच्या पुढं त्याला पळवायचं. त्या धंद्यात याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. वेग वाढवला की वीज जास्त लागते आणि वीज जास्त घेतली की उष्णता वाढते, म्हणून पुण्याहून पाण्यावर चालणारा कूलर आणून बसवला. प्रोसेसर साठ अंशांच्या वर जाईना. ज्योतिबानं बायकोला, धनश्रीला, हाक मारून तो आकडा दाखवला. आणि खुशीत मदरबोर्डवर बोट टेकवलं, तर बोटाला टचकन फोड आला.

प्रोसेसरच्या भोवती मदरबोर्डवर नखाएवढे काळे चौकोनी तुकडे असतात. बाहेरून आलेली बारा व्होल्टची वीज सव्वा व्होल्टावर आणून प्रोसेसरला पाजायची, हे त्यांचं काम. प्रोसेसर जास्त पळाला की जास्त पितो आणि पाजणारे तापतात. जुन्या कूलरचा पंखा वरून खाली वारा मारायचा, तो जाता जाता यांनाही लागायचा. नव्या कूलरचा पंखा कॅबिनेटच्या छतावर गेला आणि या बिचाऱ्यांना वारा घालणारं कुणी उरलं नाही. ते ठराविक मर्यादेच्या वर तापले की मदरबोर्ड स्वतःचा जीव वाचवायला प्रोसेसरचा वेग एकदम पाडतो. विचारत नाही, सांगत नाही, बोंब मारत नाही.

ज्योतिबानं त्यावरही इलाज केला. कंपनीच्या भंगारातला ॲल्युमिनियमचा, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांचा तुकडा रीतसर गेटपास काढून आणला, करवतीनं मापात कापला, खाली उष्णता ओढणारी मऊ पट्टी घालून त्या काळ्या तुकड्यांवर बसवला आणि समोर एक चिमुकला पंखा प्लॅस्टिकच्या टायनं बांधला. पत्र्याच्या खोलीत, एप्रिलच्या दुपारी, दोन तास मशीन पळवलं. अठ्ठ्याऐंशी अंशांवर आकडा थांबला. मर्यादा एकशे दहाची. मग त्यानं धनश्रीला बजावलं: कॅबिनेटची बाजू उघडीच ठेवायची, वर काही ठेवायचं नाही, जवळ कुणाला येऊ द्यायचं नाही. हे त्यानं बापाला सांगितलं नाही. आबाला यातलं काय कळणार, असं त्याला वाटलं. सांगितलं असतं तर अर्ध्या मिनिटाचं काम होतं.

यात्रेचा दिवस उजाडला तोच पिवळा, धुळीचा. वारा नावालाही नव्हता. दहा वाजता मांडवात पंख्याखाली बसलेल्या माणसांचे सदरे पाठीला चिकटले होते आणि बैलांच्या तोंडाला फेस येत होता. कमिटीचा अध्यक्ष साहेबराव पांढऱ्या कपड्यात इकडून तिकडं फिरत होता. मोठा जमीनदार, सोसायटीवर त्याचंच पॅनेल, आणि यंदा त्याचा स्वतःचा गाडाही पळणार होता, सगळ्यांत शेवटी. अध्यक्षाचा गाडा त्याच घाटात पळावा की नाही यावर दोन-चार जणांनी तोंड वाकडं केलं. साहेबराव हसून म्हणाला, वेळ मी घेतो का, ज्योतिबाचं मशीन घेतंय. त्यावर कुणाला बोलायला जागा नव्हती.

तात्याबाचा गाडा साडेबाराला पळाला. त्याचा चिमण्या पुढच्या जोडीत असायचा. नाव चिमण्या, पण छातीला हात पुरायचा नाही असा खोंड. बायको गेल्यापासून तात्याबाच्या घरात दोघंच राहायचे, तो आणि चिमण्या. राहूतली माणसं म्हणायची की तात्याबा भाकरी करतो तीसुद्धा बैलाला विचारून. गाडा वर गेला तेव्हा बघणाऱ्यांनी श्वास धरला होता. पडद्यावर आकडा आला: अकरा सेकंद अठ्ठेचाळीस पॉइंट. भंडारा उधळला गेला आणि मांडवभर हळदीचा पिवळा धुरळा झाला. ज्योतिबानं आधी मशीनकडं बघितलं. पंखा फिरत होता, आकडा ब्याण्णव. त्यानं पंख्यावरची हळद रंग द्यायच्या ब्रशनं हलकेच झाडली.

तीनपर्यंत अकरा अठ्ठेचाळीसच्या जवळ कुणी आलं नाही. ऊन कलायला लागलं आणि मांडवाच्या कनातीखालून तिरकं होऊन थेट टेबलावर आलं. आकडा सत्त्याण्णववर गेला. ज्योतिबा टेबल सरकवायच्या विचारात होता, तेवढ्यात वरच्या रेघेवरून निरोप आला की गर्दीत कुणाचा तरी धक्का लागून कॅमेरा कलला आहे. शेवटचे तीनच गाडे उरले होते. तो धनश्रीला लक्ष ठेव म्हणून सांगून वर पळाला.

भिमाजी सकाळपासून मांडवाच्या खांबाला टेकून बसला होता. लेकाचं मशीन ही त्याच्या लेखी मोठी अभिमानाची वस्तू. उन्हाचा पट्टा त्या उघड्या पेटीवर पडलेला त्यानं बघितला. हळदीची धूळ आत जाताना बघितली. उठला, खांद्यावरचं घोंगडं काढलं, झटकलं आणि चारी बाजूंनी नीट खोचून पेटीवर घातलं. जन्मभर त्यानं कोकरांना, आजारी मेंढीला, स्वतःच्या लेकाला असंच झाकलं होतं.

धनश्रीनं ते बघितलं. ती उठलीही. म्हणाली, "आबा, नगा झाकू, त्येंनी सांगितलंय."

"ऊन लागतंय पोरी त्याला," म्हातारा म्हणाला. "पाच मिन्टं सावलीत राहू दे."

आजूबाजूला कमिटीची माणसं, पाहुणे, डोक्यावर पदर घेतलेल्या चार बाया. सासऱ्यानं स्वतःच्या हातानं घातलेलं घोंगडं एवढ्या लोकांत सुनेनं ओढून काढायचं, हे तिच्या हातून झालं नाही. ते येतीलच एवढ्यात, असं मनाशी म्हणून ती पडद्याकडं वळली. लाइव्हचं चित्र दोनदा अडखळलं. तिनं नेटवर्कला बोल लावला. शेवटचा गाडा खालच्या रेघेशी आला होता.

ज्योतिबानं तो गाडा वरून, कॅमेऱ्याशेजारून, डोळ्यांनी बघितला. साहेबरावाचे बैल देखणे होते, पण निम्म्या चढावर त्यांचा जोर मोडला. मागचा उजवा बैल तर नुसता ओढला जात होता. तीन हंगाम गाड्यांच्या धावा बघून बघून ज्योतिबाच्या डोळ्यांनाच घड्याळ आलं होतं. पावणेबारा, त्यानं मनात धरलं. मग पडद्याकडं बघितलं.

अकरा सेकंद एकतीस पॉइंट.

गर्दी उसळली. पोत्यानं भंडारा उडाला, साहेबरावाला लोकांनी खांद्यावर घेतलं. ज्योतिबा त्या पिवळ्या ढगातून वाट काढत खाली पळाला. मांडवात त्याला घोंगडं दिसलं. त्यानं ते उचललं आणि आतल्या वाफेनं त्याचं तोंड भाजल्यासारखं झालं. जळक्या प्लॅस्टिकचा वास होता. लोकरीचे धागे गुरफटून चिमुकला पंखा थांबला होता. छोट्या पडद्यावर काळ्या तुकड्यांचा आकडा एकशे चौदा. आणि त्याच्याच शेजारी प्रोसेसरचा आकडा अठ्ठेचाळीस. दिवसभरात प्रोसेसर इतका गार कधीच नव्हता, कारण तो पळतच नव्हता.

"गार ऱ्हायलं का न्हाई?" भिमाजीनं विचारलं. त्याच्या तोंडावर हसू होतं.

ज्योतिबानं घोंगडं घडी करून बापाच्या हातात दिलं.

ढाल दिली जात होती तेव्हा तात्याबा मांडवात आला. चिमण्याचा कासरा हातात, बैल बाहेर उभा. आरडाओरडा नाही, तक्रार नाही. त्याच्यामागं राहूची वीस-पंचवीस तरणी पोरं उभी राहिली, त्यांच्या हातात बैल हाकायच्या काठ्या. पलीकडं साहेबरावाची माणसं पिवळी होऊन नाचत होती, ती थांबली. साहेबराव खांद्यावरून खाली उतरला आणि ज्योतिबाच्या शेजारी येऊन उभा राहिला.

"ज्योतिबा," तात्याबा म्हणाला, "माझं डोळं म्हातारं झालं. मला त्यो गाडा जड वाटला. तू सांग, मशीन म्हणतंय त्ये खरं का?"

त्या क्षणी ज्योतिबाला सगळं एकदम दिसलं. काठ्या दिसल्या. चार वर्षांपूर्वीचं फुटलेलं डोकं दिसलं. खरं सांगितलं तर मशीन झाकलं कुणी हा पुढचा प्रश्न, आणि घोंगडं हातात धरून त्याचा बाप तिथंच उभा. ज्योतिबाच्या कपाळावरून घाम डोळ्यांत उतरत होता आणि तो पुसायला त्याचा हात वर येईना.

"व्हय मामा," तो म्हणाला. "मशीन चुकत न्हाई."

तात्याबानं मान डोलवली. मागं वळून पोरांना म्हणाला की चला, बैल तहानलेत. पोरं गेली. काठी उठली नाही, दगड उडाला नाही, आणि साहेबरावानं ज्योतिबाच्या पाठीवर हात ठेवला. तो हात उपडा नव्हता, चांगला सबंध पंजा होता, आणि बराच वेळ तिथं राहिला.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर ज्योतिबानं रेकॉर्डिंग तपासलं. त्रेचाळीस चित्रं गायब होती. ती धरली की साहेबरावाची वेळ अकरा चौऱ्याहत्तर. डोळ्यांनी धरलेल्या अंदाजाच्या एक पॉइंट अलीकडं. तात्याबाला कुणी हरवलं नव्हतं, जवळपासही आलं नव्हतं. तो ते पडद्यावर बघत बसला. धनश्री दारात उभी होती. तिला न सांगता समजलं.

"मामांना सांगून या," ती म्हणाली. "माझं नाव घ्या पायजे तर. मी न्हाई काढलं घोंगडं."

रविवारी जातो म्हणाला. रविवारी निघालाही. गाडी पुलावर गेली आणि खिशातला फोन वाजला. साहेबराव होता. पुढच्या चार यात्रांना तुझंच मशीन, असं त्यानं सांगितलं, आणि मग आवाज न बदलता म्हणाला की त्या दिवशी तू शांततेनं घेतलंस ते बरं केलंस, नाहीतर आबांच्या वयाला असल्या गर्दीत काही लागलं-बिगलं असतं. एवढंच. ज्योतिबा पुलाच्या कठड्याशी गाडी लावून खाली बघत राहिला. भीमेचं पाणी उन्हाळ्यानं आटून हिरवट डबकी झाली होती. तो तिथूनच मागं फिरला. घाबरला म्हणा, बापाची काळजी म्हणा. त्यानं स्वतःला काळजी असं सांगितलं.

तो आठवडा वाईट गेला. पारा बेचाळीसवर. कंपनीत दोन पॅनेल बंद पडली आणि त्यानं उपडा हात लावून बिघाड सांगितला तो दोन्ही वेळा चुकला. घरी जेवताना भिमाजी पुन्हा पुन्हा यात्रेची गोष्ट काढायचा, की कसं ऊन होतं आणि कसं आपण वेळेवर झाकलं. नातवंडं ऐकायची. ज्योतिबा ताटावरून उठायचा. धनश्रीनं पुन्हा विचारलं नाही, आणि ते त्याला जास्त लागलं.

पुढच्या रविवारी तो कुणाला न सांगता निघाला आणि फोन घरी ठेवून गेला. राहूच्या अलीकडं उसाच्या रानातून तात्याबाच्या वस्तीकडं वळला. गोठ्यात दावणीला तीन बैल होते. चौथी जागा रिकामी होती, शेण काढून स्वच्छ झाडलेली.

तात्याबा बांधावर जांभळीखाली बसला होता. समोर नवी माती ओढलेली, वर झेंडूचा हार, आणि शेजारी एक सपाट दगड, चुन्यानं पांढरा केलेला.

ज्योतिबाला बघून तो उठला नाही. बस म्हणाला. मग स्वतःच सांगायला लागला, शांतपणे, कुणा तिसऱ्याची हकिकत सांगावी तसा. सतरा पॉइंट कुठं गेले याचा त्यानं फार विचार केला. चिमण्या सकाळी पळाला असता तर जिंकला असता, दुपारच्या उन्हात कमी पडला, असं त्याच्या मनानं घेतलं. मग उन्हाचीच सवय लावायची ठरवली. रोज बाराला गाडा जुंपायचा. सोमवारी पळाला, मंगळवारी पळाला. गुरुवारी चढावर थांबला आणि त्यानं मागं वळून बघितलं.

"कवाच थांबला न्हवता त्यो," तात्याबा म्हणाला. "मी म्हनलं, सतरा पॉइंट राह्यलेत गड्या, चल. आन् पुन्हा हाकला."

शुक्रवारी दुपारी चिमण्या धावेवरच बसला. जीभ बाहेर, अंग तव्यावानी. डॉक्टर यायच्या आत शेजारच्यांनी वीस घागरी ओतल्या. पाणी अंगावरून गरम होऊन वाहत होतं.

"तुझं मशीन नसतं तर मला कळलंच नसतं का त्यो कमी पडतोय," तात्याबा म्हणाला. टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्यानं शेजारचा ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश पुढं केला. "तुझं अक्षर चांगलं हाय. लिव यावर. वर चिमण्या. खाली अकरा अठ्ठेचाळीस. त्याच्या खाली दुसरा नंबर."

ज्योतिबानं ब्रश घेतला. चिमण्या लिहिलं. अकरा अठ्ठेचाळीस लिहिलं. तिसऱ्या ओळीला हात थांबला.

"लिव की. दुसरा तर दुसरा. मेलेल्या जनावराच्या नावानं खोटं नगं."

"मामा," ज्योतिबा म्हणाला, "पहिला लिवतो."

मग त्यानं सगळं सांगितलं. काळे तुकडे, थांबलेला पंखा, गेलेली त्रेचाळीस चित्रं, अकरा चौऱ्याहत्तर. झाकलं कुणी ते सांगितलं नाही. मशीन माझं, नजर माझी पाहिजे होती, एवढंच म्हणाला. बोलताना त्याचे डोळे वाहायला लागले, ते त्यानं पुसले नाहीत. तात्याबा ऐकत होता. त्याला मशीनचं कळलं नसेल, पण आकडे कळले.

"तुला कवा कळलं ह्ये?"

"त्याच दुपारी. तुम्ही इचारलं तवा ठावं हुतं."

तात्याबा बोटांवर काहीतरी मोजत राहिला. शुक्रवारपासून मागं गुरुवार, मंगळवार, सोमवार, आणि तिथून मागं थेट यात्रेचा दिवस. मग त्यानं हात पुढं केला आणि ज्योतिबाच्या हातातून ब्रश काढून घेतला. जवळचं फडकं उचललं, रॉकेलच्या बाटलीतून भिजवलं आणि दगड पुसायला लागला. आधी आकडा पुसला, मग नाव.

"तुझ्या हातचं अक्षर नगं यावर," तो म्हणाला. "जा तू."

रंग अजून ओला होता, चटकन निघाला.